वरून काढलेला फोटो: तिरकस की ऊर्ध्वाधर?

हवाई छायाचित्रकाराला बरेचदा एवढंच सांगितलं जातं: ‘वरून फोटो हवाय.’ पण वरून म्हणजे खिडकीतून बाजूला रोखून, की कॅमेरा सरळ जमिनीकडे धरून? पहिला तिरकस, दुसरा ऊर्ध्वाधर. दोन्ही एकाच विमानातून, एकाच सकाळी काढता येतात, तरी एकाचं काम दुसऱ्याने भागत नाही.

तिरकस फोटो डोळ्यांच्या ओळखीचा. जेम्स वॉलेस ब्लॅक यांनी १८६० साली दोराने बांधलेल्या बलूनमधून बोस्टन शहर टिपलं, तेही असंच. आज शिल्लक असलेल्या हवाई छायाचित्रांत ते सर्वांत जुनं मानतात. भिंती, खिडक्या दिसतात, म्हणून जागा चटकन ओळखू येते. मात्र जवळचं मोठं, लांबचं लहान. त्यावर पट्टी ठेवून अंतर मोजू नये.

ऊर्ध्वाधर फोटोत हिशोब आधी येतो. लेन्सची फोकल लेंथ (लेन्सपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर) भागिले जमिनीपासूनची उंची, हे त्याचं प्रमाण. १५२ मिलिमीटरची लेन्स १,५२० मीटरवर असेल, तर १:१०,०००. फोटोतला १ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १०० मीटर. विमान सरळ पट्ट्यांत उडतं आणि लागोपाठचे फोटो साधारण ६० टक्के एकमेकांवर येतात. अशी जोडी स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे प्रत्येक डोळ्याला वेगळा फोटो दाखवणाऱ्या उपकरणाखाली ठेवली की सपाट कागदातून डोंगर वर उठतो. पहिल्यांदा पाहणारा हमखास बोट लावून बघतो!

इथेच सर्वांत मोठा गैरसमज होतो: ऊर्ध्वाधर फोटो म्हणजे नकाशा. तसं नाही. फोटोच्या मधोमध असलेल्या मनोऱ्याचं फक्त छत दिसतं, कडेचा मनोरा मात्र बाहेर कललेला दिसतो. डोंगरमाथा दरीपेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असतो, त्यामुळे वर दिलेलं प्रमाण तिथे चुकतं. उंचसखलपणाची माहिती वापरून ही सरक दुरुस्त केली की ऑर्थोफोटो तयार होतो. जमिनीचं क्षेत्रफळ काढायचं असेल तर तोच मागावा.

उड्डाणाची वेळही कामावर ठरते. नकाशासाठी सूर्य वर हवा, कारण लांब सावल्या रस्ते झाकतात. पुरातत्त्व शोधणाऱ्याला नेमक्या त्याच सावल्या हव्या असतात, आणि त्या टिपायला तिरकस फोटोच मला अधिक भरवशाचा वाटतो. बुजत आलेल्या खंदकाची कड सूर्य कलता असताना रेघ ओढल्यासारखी उमटते. दुपारी बारा वाजता तिथे नुसतं शेत दिसतं.