पाणबुडीवर सही कोणाची, तिजोरी कोणाची

ऑगस्ट २०१३ मधले चार दिवस भारतीय नौदल विसरणार नाही. १० तारखेला विशाखापट्टणमला 'अरिहंत' या अणुपाणबुडीची अणुभट्टी पहिल्यांदा क्रिटिकल झाली, म्हणजे तिच्यातली साखळी अभिक्रिया स्वतःच्या बळावर चालू राहिली. १२ तारखेला कोचीत नव्या 'विक्रांत' या विमानवाहू नौकेचे जलावतरण झाले. आणि १४ तारखेला, मध्यरात्र उलटल्यावर थोड्याच वेळात, मुंबईच्या नौदल गोदीत धक्क्याला बांधलेली 'सिंधुरक्षक' ही पाणबुडी स्फोटांनी फाटली. आत असलेले अठराही नौसैनिक गेले. शेजारी उभ्या 'सिंधुघोष'लाही झळ बसली.

या अपघाताची मुळे फक्त त्या रात्रीत शोधली तर फारसे हाती लागत नाही. 'सिंधुरक्षक' ही किलो वर्गाची, डिझेल-विजेवर चालणारी पाणबुडी. या वर्गात बॅटरीचे दोन संच असतात, प्रत्येकात १२० सेल, आणि एकेका सेलचे वजन साधारण ८०० किलो. लेड-ॲसिड सेल चार्ज होताना हायड्रोजन सोडतो. हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की एक ठिणगी पुरते. म्हणून चार्जिंग चालू असताना पंखे, झडपा आणि हायड्रोजन मोजणारी यंत्रे यांच्यावर सतत नजर ठेवावी लागते. फेब्रुवारी २०१० मध्ये याच पाणबुडीवर विशाखापट्टणमला आग लागली आणि एक नौसैनिक मृत्युमुखी पडला. कारण होते बॅटरीची सदोष झडप आणि तिच्यातून गळालेला हायड्रोजन. त्यानंतर तिला रशियातल्या झ्व्योज्दोच्का गोदीत नेले, सुमारे ८ कोटी डॉलर खर्चून नवी करून आणले, आणि मुंबईत परतून काही महिने होत नाहीत तोच ती बुडाली.

२०१३च्या स्फोटात बॅटरीपेक्षा शस्त्रांचा भाग मोठा होता. पुढच्या कप्प्यात टॉर्पेडो आणि क्षेपणास्त्रे भरलेली होती. ठरलेली कार्यपद्धती पाळण्यात कसूर झाल्याचे सरकारने नंतर सांगितले. सांगाडा वर काढण्याचे काम एका अमेरिकी कंपनीच्या भारतीय शाखेकडे गेले, त्याचे कंत्राट सुमारे २४० कोटी रुपयांचे होते. जून २०१४ मध्ये तो वर आला आणि २०१७ मध्ये अरबी समुद्रात खोल पाण्यात सोडून देण्यात आला. रिफिटचा, म्हणजे मोठ्या दुरुस्तीचा खर्च, उपसण्याचा खर्च आणि गेलेली पाणबुडी यांची बेरीज एका जागी मांडलेली सहसा दिसत नाही, कारण ती वेगवेगळ्या खात्यांवर पडते.

त्या स्फोटानंतर सहा महिन्यांनी, २६ फेब्रुवारी २०१४ला, याच वर्गाची 'सिंधुरत्न' दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी मुंबईबाहेर समुद्रात होती. तिसऱ्या कप्प्यात, बॅटरीच्या भागात, केबलने पेट घेतला आणि धूर पसरला. पाणबुडीत आग लागली की कप्प्याचे दार बंद करतात. आतल्यांना बाहेर काढत बसले तर धूर पुढच्या कप्प्यात जातो. दोन अधिकारी त्या कप्प्यात राहिले आणि मरण पावले. सात जणांना हेलिकॉप्टरने कुलाब्याच्या अश्विनी रुग्णालयात आणले. त्याच संध्याकाळी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला आणि तो लगेच स्वीकारलाही गेला. नंतर ज्येष्ठता डावलून व्हाइस ॲडमिरल आर. के. धवन यांना प्रमुख केले, तेव्हा मुंबईतल्या पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल शेखर सिन्हा यांनीही मुदतीआधी निवृत्ती घेतली. काही आठवड्यांत वरची दोन माणसे गेली. बॅटरी मागवण्याची पद्धत मात्र तीच राहिली.

जोशी यांनी त्याच वर्षी नंतर जे सांगितले ते या विषयाचे मर्म आहे. जबाबदारी, व्यावसायिक ज्ञान आणि उत्तरदायित्व नौदलाकडे असते, पण अधिकार तिथे नसतो. देशात तयार होणाऱ्या पाणबुडीच्या बॅटऱ्या बदलायच्या किंवा भारतीय गोदीत रिफिट सुरू करायचे, तरी मंजुरी दुसरीकडून यावी लागते. व्यवहारात याचा अर्थ सरळ आहे. पाणबुड्या कमी, म्हणून आहेत त्यांना जास्त दिवस समुद्रावर ठेवायचे. त्यामुळे रिफिट पुढे ढकलायचे. रिफिटची फाइल उशिरा निघाली की सुटे भाग उशिरा येतात, आणि तोवर जुन्या भागांना मुदतवाढ मिळते. मुदतवाढीच्या प्रत्येक कागदावर सही करणारा अधिकारी समोरच असतो, पण पैसे रोखून धरणारा तिथे कुठेच नसतो. 'कॅग'ने २०१७ मध्ये नोंदवले की २००७-०८ ते २०१५-१६ या काळात नौदलाच्या जहाजांचे आणि पाणबुड्यांचे ३८ अपघात झाले, ३३ जण दगावले, आणि सुरक्षेसाठी स्वतंत्र संघटना २०१४ मध्ये उभारली तरी तिला सरकारी मंजुरी अजून मिळालेली नव्हती.

हा प्रश्न अमेरिकेने पन्नास वर्षे आधी सोडवला होता. १० एप्रिल १९६३ला 'थ्रेशर' ही अणुपाणबुडी खोल डुबकीच्या चाचणीत बुडाली, १२९ जण गेले. अभ्यासकांचे सर्वसाधारण मत असे: समुद्राच्या पाण्याच्या पाइपचा चांदीच्या ब्रेझिंगने (वितळलेल्या मिश्रधातूच्या डाकाने) जोडलेला एक सांधा सुटला, पाणी विजेच्या उपकरणांवर गेले, अणुभट्टी आपोआप बंद पडली. वर येण्यासाठी बॅलास्ट टाक्यांत (पाणी भरून पाणबुडी खाली नेणाऱ्या टाक्यांत) दाबाची हवा सोडली, तर हवेतल्या ओलाव्याचे बर्फ होऊन गाळण्या तुंबल्या. अणुभट्टी पुन्हा चालू करायला काही मिनिटे हवी होती, आणि तितकी मिनिटे उरली नव्हती. चीड आणणारी गोष्ट वेगळीच आहे. गोदीत असताना अल्ट्रासाउंडने १४५ सांधे तपासले गेले होते आणि त्यातले सुमारे १४ टक्के निकषात बसले नव्हते. उरलेले हजारो सांधे तपासत बसले तर वेळापत्रक बिघडेल, म्हणून तपासणी थांबवली गेली.

डिसेंबर १९६३ मध्ये 'सबसेफ' कार्यक्रम सुरू झाला. त्याची कक्षा मुद्दाम अरुंद ठेवली: समुद्राचा दाब झेलणारा प्रत्येक भाग, आणि पाणी शिरले तर वर येण्याची क्षमता. शस्त्रे आणि आग यांना त्यात घेतलेले नाही. पण जे घेतले आहे त्यात सूट नाही. प्रत्येक वेल्डसाठी धातू भट्टीच्या कुठल्या खेपेतला, वेल्डर कोण, तपासणी कोणी केली याचा कागद हवा. कागद नसेल तर काम झालेच नाही असे धरतात. याहून महत्त्वाची आहे अधिकारांची वाटणी. पाणबुडी वेळेत आणि पैशांत देण्याची जबाबदारी एकाची, तांत्रिक निकष ठरवण्याची दुसऱ्याची, निकष पाळले का हे पाहण्याची तिसऱ्याची. या तिघांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या वतीने 'चालेल' म्हणता येत नाही. १९१५ ते १९६३ दरम्यान अमेरिकेने युद्धाविना १६ पाणबुड्या गमावल्या. नंतर एकच गेली, १९६८ मध्ये 'स्कॉर्पियन', आणि तिला सबसेफचे प्रमाणपत्र मिळालेले नव्हते.

अणुभट्टीच्या बाजूला अमेरिकी नौदलाच्या अणुभट्ट्यांच्या कार्यक्रमाचे प्रमुख ॲडमिरल हायमन रिकोव्हर होते. नौदलातले आणि अणुऊर्जा आयोगातले, दोन्ही पदे त्यांच्याकडे. आराखडा, बांधणी, कर्मचाऱ्यांची निवड आणि भट्टीची अखेरची विल्हेवाट, सगळे एकाच कार्यालयात. अधिकाऱ्यांच्या मुलाखती ते स्वतः घेत आणि त्यांच्या उद्धटपणाच्या कथा अजून सांगितल्या जातात. ते निवृत्त झाल्यावर त्या पदाची मुदत आठ वर्षे ठरवण्यात आली. नेतृत्वाची मुदत लांब असली तर मुदतवाढीचा आजचा कागद उद्या आपल्याच टेबलावर येतो, हा यातला व्यवहारी हिशेब. आपल्याकडे नौदलप्रमुखाला जास्तीत जास्त तीन वर्षे मिळतात, आणि गोदीतल्या एका मोठ्या रिफिटमध्ये त्यातला बराच काळ निघून जातो.

भारताला अणुपाणबुडीची ओळख भाड्याने झाली. १९८८ ते १९९१ पहिली 'चक्रा', २०१२ ते २०२१ दुसरी. दुसरीचे रशियन नाव 'नेर्पा'. नोव्हेंबर २००८ मध्ये, आपल्याकडे येण्याआधी, चाचणीत तिची आग विझवणारी वायुयंत्रणा अचानक चालू झाली आणि २० जण गुदमरून मेले. जहाजावर २०८ माणसे होती, म्हणजे नेहमीच्या संख्येहून कितीतरी जास्त, कारण बहुतेक गोदीचे कामगार होते. श्वासयंत्रे पुरेशी हाताशी नव्हती. टाकीतल्या फ्रेऑनमध्ये (आग विझवणाऱ्या रसायनात) स्वस्त आणि विषारी टेट्राक्लोरोएथिलीनची भेसळ असल्याचे तपासात पुढे आले. खटला चालला तो कप्तानावर आणि एका नाविकावर.

'अरिहंत'च्या ८३ मेगावॉट भट्टीमागे तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे आणि तिचा जमिनीवरचा नमुना कल्पक्कमला चालवून पाहिला गेला. देशातल्या अणुकेंद्रांवर नजर ठेवणारे नियामक मंडळही मुंबईतच, अणुशक्तीनगरला. तरी एप्रिल २०००पासून भाभा केंद्राच्या सुविधा त्या मंडळाच्या कक्षेतून काढलेल्या आहेत आणि त्यांची तपासणी केंद्राची स्वतःची सुरक्षा परिषद करते. गुप्ततेचे कारण समजण्याजोगे आहे. पण रिकोव्हर यांच्या कार्यालयात अधिकार एकवटला होता तसाच जाबही एकवटला होता, हे विसरून फक्त अधिकाराची नक्कल होऊ नये.

ही अणुपाणबुड्यांची मालिका पूर्व किनाऱ्यावर ठेवण्यामागे भूगोलही आहे. मुंबईसमोर खंडान्त उथळ भाग सुमारे ३०० किलोमीटर पसरलेला आहे, लपायला खोल पाणी जवळ नाही. बुडालेल्या पाणबुडीतल्यांना वाचवायला मात्र हाच उथळपणा उपयोगी. डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत दाखल झालेले बचाव यान ६५० मीटरपर्यंत जाऊन एका खेपेत १४ जणांना आणू शकते. त्याआधी अशा प्रसंगी आपली भिस्त अमेरिकी नौदलाशी १९९७ मध्ये झालेल्या करारावर होती.

खर्चाचा मुंबईतला धडा माझगाव डॉकमध्ये आहे. १९८१च्या जर्मन करारातून 'शाल्की' आणि 'शंकुल' इथे बांधल्या, १९९२ आणि १९९४ मध्ये त्या नौदलात आल्या. दलालीच्या आरोपांनंतर पुढच्या पाणबुड्या थांबल्या आणि दाब झेलणारे कवच वेल्ड करणारी पिढी विखुरली. फ्रेंच बनावटीच्या स्कॉर्पीन पाणबुड्यांचा करार २००५ मध्ये झाला, सहा पाणबुड्या १८,७९८ कोटींना. २०१० मध्ये आकडा २३,५६२ कोटींवर गेला. पहिली 'कलवरी' २०१२ला यायची ती डिसेंबर २०१७ मध्ये आली, तीही नव्या जड टॉर्पेडोंशिवाय, कारण त्या खरेदीवर दुसऱ्याच प्रकरणाची सावली पडली होती. सहावी 'वाघशीर' जानेवारी २०२५ मध्ये दाखल झाली.

डिसेंबर २०२४ मध्ये माझगाव डॉकला सुमारे १,९९० कोटींचे काम मिळाले: स्कॉर्पीनमध्ये हवेविना चालणाऱ्या प्रणोदनाचा भाग बसवणे. प्रणाली अंबरनाथच्या नौदल साहित्य संशोधन प्रयोगशाळेची, इंधनघटांवर चालणारी, आणि लागणारा हायड्रोजन पाणबुडीतच तयार करणारी. त्यासाठी कवच मधोमध कापून नवा भाग घालायचा आणि पुन्हा जोडायचा आहे. त्या वर्तुळाकार वेल्डची प्रत्येक इंच तपासणी, हायड्रोजनचे नवे मापक आणि वेळापत्रक चुकले तर ते चुकू देण्याचा अधिकार, हे तिन्ही कोणाकडे राहणार ते कवच कापण्याआधी कागदावर यावे लागेल.