वाफेच्या ट्रॅक्टरची प्रतिकृती

वाफेच्या ट्रॅक्टरची प्रतिकृती : एकोणिसाव्या शतकात नांगरट, मळणी आणि ओझे ओढण्यासाठी वापरल्या गेलेल्या वाफेच्या ट्रॅक्टरचे, ठरावीक प्रमाणात लहान केलेले, पण खऱ्या विस्तवावर आणि खऱ्या वाफेवर चालणारे यंत्र. कपाटात ठेवायचा देखावा आणि ही प्रतिकृती यांत गल्लत करू नये. हिच्यात कोळसा जळतो, पाणी उकळते, पिस्टन ढकलला जातो आणि मागे जोडलेल्या गाड्यावर बसलेला माणूस ओढला जातो. बेळगाव आणि भोवतालच्या सीमाभागात, म्हणजे खानापूर, हुक्केरी, चिकोडी, निपाणी या पट्ट्यात, असे यंत्र घरच्या लेथवर घडवायला लागणारे बहुतेक हुन्नर आधीपासून आहेत. नाही ते फक्त मूळ यंत्र. इथल्या शेतात बैलानंतर थेट ऑइल इंजिन आणि डिझेल ट्रॅक्टर आला. मधला वाफेचा टप्पा या मातीने पाहिलाच नाही. वाफ ओळखीची झाली ती मीटरगेजच्या आगगाडीमुळे. मराठीने त्या गाडीला आगीवरून नाव दिले. शेजारच्या कन्नडने ‘उगिबंडी’ म्हटले, म्हणजे वाफेची गाडी. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने कन्नड शब्द अधिक नेमका आहे.

मूळ यंत्र : १८४०च्या दशकात इंग्लंडच्या शेतांवर मळणीसाठी वाफेची इंजिने आली, पण ती शेतापर्यंत घोड्यांनी ओढून न्यावी लागत. केंट परगण्यातील रॉचेस्टरच्या टॉमस अ‍ॅव्हलिंगने १८५९ मध्ये अशा एका इंजिनाच्या क्रँकशाफ्टवरून, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्यावरून, मागच्या आसाला साखळी जोडली आणि इंजिन स्वतःच्या ताकदीने चालू लागले. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधील रासीन येथील जे. आय. केस यांच्या कारखान्याने १८६९ मध्ये आपले पहिले वाफेचे इंजिन बनवले. पुढे हाच कारखाना या यंत्रांसाठी नावाजला. तिकडच्या गवताळ मैदानांवर कोळसा दुर्मीळ, म्हणून काही इंजिनांत गव्हाचे काड जाळत. गुऱ्हाळाच्या चुलवाणात चिपाड सारणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. हिंदुस्थानात आर. ई. बी. क्रॉम्प्टन या इंग्रज अभियंत्याने १८७०च्या दशकात उत्तरेकडे रबरी धावांची वाफेची वाहने रस्त्यावर चालवून पाहिली. शेतीत मात्र हे यंत्र इकडे रुजले नाही.

बेळगावशी नाते : नाते यंत्राशी नाही, कारागिरीशी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (जन्म १८६९) हे याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १८८८ मध्ये त्यांनी बंधू रामूअण्णांसह बेळगावात सायकलींचे दुकान काढले, मग कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर करायला घेतला. १९१० मध्ये ते औंध संस्थानात, आजच्या किर्लोस्करवाडीला गेले, तरी ओतकामाची आणि लेथची गोडी शहरात राहिली ती राहिलीच. आज उद्यमबाग आणि मच्छे भागातील फाउंड्र्या व मशीनशॉप ही तिचीच पुढची पिढी. निवृत्त टर्नरच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये जुना लेथ, बेंच ड्रिल आणि कानशींचा डबा सापडणे ही इथे विशेष गोष्ट नाही. शिवजयंतीच्या चित्ररथांसाठी हलते देखावे जुळवणारे हातही याच शेडमधले.

प्रमाण : इंग्रजी परंपरेत प्रमाण ‘एका फुटाला किती इंच’ असे सांगतात. ‘दोन इंची’ म्हणजे मूळच्या एका फुटाला प्रतिकृतीत दोन इंच, अर्थात एक षष्ठांश. ‘एक इंची’ म्हणजे बारावा हिस्सा, ‘चार इंची’ म्हणजे तिसरा. घरच्या शेडला दोन इंची सर्वांत झेपते. मूळचे ५४ इंची फ्लायव्हील (गती एकसारखी ठेवणारे जड चाक) तिच्यात ९ इंची, म्हणजे सुमारे २२८ मिमी होते, आणि १२५ मिमी सेंटर उंचीच्या लेथवर ते जेमतेम फिरते. सहा फुटी मागचे चाक मात्र एक फुटाचे होते; ते मोठ्या लेथवाल्याकडे न्यावेच लागते.

लांबी सहाव्या हिश्शाला आली की क्षेत्रफळ ३६व्या आणि वजन २१६व्या हिश्शाला येते. दहा टनी इंजिनाची प्रतिकृती सुमारे ४६ किलोची भरते. हे हिशेबाचे झाले. वाफेला हा हिशेब मान्य नसतो. पाण्याच्या प्रमाणात बॉयलरचा पृष्ठभाग सहापट वाढल्याने उष्णता भराभर निघून जाते. बॉयलरच्या पाण्यातून जाणाऱ्या धुराच्या नळ्याही सरळ सहाव्या हिश्शाने बारीक करता येत नाहीत. तसे केले तर त्यांतून धूर ओढलाच जात नाही आणि विस्तव गुदमरतो. म्हणून नळ्यांची संख्या कमी करून व्यास तुलनेने मोठा ठेवतात. ३०० मिमी लांबीच्या नळीला आतला व्यास ११ मिमीच्या आसपास असावा, असा अनुभवाचा ठोकताळा आहे. बाहेरून हुबेहूब आणि आतून मुद्दाम वेगळी, अशीच प्रतिकृती चालते.

नकाशे आणि मापे : बहुतेक नकाशे इंचांत असतात. बेळगावच्या जुन्या मिस्त्रीला ते अडत नाही, कारण तो आजही सुतात बोलतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. ‘तीन सुताचा रॉड’ म्हटले की तीन अष्टमांश इंच. अडचण येते ती दातेरी चाकांत. इंची नकाशातील १२ पिचचे दाते (चाकाच्या व्यासाच्या दर इंचाला १२) म्हणजे मेट्रिक मोजणीत मोड्यूल (व्यासाचे मिमी भागिले दाते) २.११७, बाजारात कटर मिळतो मोड्यूल २चा. दोन्ही चाकांचे मिळून ८० दाते असतील, तर दोन शाफ्टमधील अंतर ८४.७ मिमीऐवजी ८० मिमी होते. हे आधी ध्यानात आले नाही, तर बाजूच्या पत्र्यांतील भोके चुकतात आणि महागडा पत्रा भंगारात जातो. नवशिक्याने पहिला आठवडा लेथला हात न लावता केवळ मापे बदलण्यात घालवला, तर तो वाया गेला असे समजू नये.

ओतकाम : फ्लायव्हील, पुढची-मागची चाके, सिलिंडर आणि चिमणीचा पाया हे ओतीव भाग. पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, सागवानी करतात. बीड निवताना सुमारे एक टक्का आकसते, म्हणून २२८ मिमीच्या चाकाचा पॅटर्न दोन-अडीच मिमी मोठा, शिवाय कातकामासाठी कडेने तीनेक मिमी जादा. चार-पाच किलोच्या एका चाकासाठी कोणी भट्टी पेटवत नाही. ओळखीच्या फाउंड्रीत साचा कोपऱ्यात भरून ठेवायचा आणि दिवसाच्या शेवटी लॅडलमध्ये (ओतायच्या भांड्यात) उरलेला रस त्यात घालून घ्यायचा, हीच रीत. मात्र उरलेला रस कसला, ते विचारावे. साधी करडी बीड सुरेख कातली जाते. पातळ आरे झपाट्याने निवले तर तीच बीड काचेसारखी कडक होते आणि टूल बोथट करते. सिलिंडर गनमेटलचा (तांबे-कथलाच्या मिश्रधातूचा) किंवा बिडाचा करतात.

बॉयलर : बाकी सगळे चुकले तर पुन्हा करता येते, बॉयलरचे तसे नाही. सीमाभागातील जुन्या न्हाणीघरांत तांब्याचा बंब असे : मधोमध विस्तवाची नळी, भोवती पाणी. प्रतिकृतीच्या बॉयलरची कल्पना समजायला बंबाइतके चांगले उदाहरण नाही, आणि फसगत व्हायलाही नाही. बंबाला वर तोंड उघडे असते, त्यामुळे पाणी शंभर अंशांच्या पुढे जात नाही. बॉयलर बंद असतो. ७ किलो दर चौ.सेंमी. दाबाला आतले पाणी सुमारे १७० अंश से. ला पोचलेले असते. भांडे फाटले तर त्यातल्या पाण्याचा काही भाग क्षणात वाफ होतो, आणि एक लिटर पाण्याची मोकळ्या हवेत सुमारे १,६७० लिटर वाफ होते. बंब करणाऱ्या तांबटाचा हात उत्तम, पण त्याचा अंदाज इथे चालत नाही.

दोन इंची यंत्रासाठी १२५ मिमी व्यासाची, ३ मिमी जाड तांब्याची नळी घेतात. या दाबाला तिच्या भिंतीवर दर चौ.सेंमी. सुमारे १४६ किलो ताण येतो. नरम तांबे साधारण २,१०० किलोला तुटते. कागदावर चौदापट सुरक्षितता दिसते, पण तापलेले तांबे नरम पडते आणि सांधे कधीच नळीइतके निर्दोष नसतात. शिवाय खरा धोका गोल भागात नसून फायरबॉक्सच्या, म्हणजे विस्तवाच्या पेटीच्या, सपाट भिंतींत असतो. १० × १२ सेंमी.च्या एका भिंतीवर ८४० किलोचा रेटा येतो. ती फुगू नये म्हणून आतली आणि बाहेरची भिंत तांब्याच्या आडव्या खुंट्यांनी, म्हणजे स्टेंनी, ठरावीक अंतरावर बांधतात. नकाशात दाखवलेला एकही स्टे ‘एवढ्याने काय होतंय’ म्हणून गाळू नये.

तांब्याच्या पत्र्याची कड पोलादी साच्यावर लाकडी हातोडीने वळवतात. ठोकून तांबे ताठर झाले की लाल करून पाण्यात बुडवतात. पोलाद अशाने कडक होते, तांबे मऊ पडते. सांधे शिशाच्या डागाने नव्हे, चांदीच्या झाळाने करतात. ५५ टक्के चांदीचा झाळ ६३० ते ६६० अंशांना वितळतो. इथे सराफ गल्लीतील सवय आडवी येते : सोनाराचा टाकणखार ७४० अंशांच्या पुढे नीट पातळ होतो, त्यामुळे या झाळाला तो उपयोगी नाही, सांधा स्वच्छ ठेवणारा, कमी तापमानाचा फ्लोराइडयुक्त फ्लक्सच लागतो. तांबे उष्णता इतकी पळवते, की मोठ्या सांध्याला दोघांनी दोन बाजूंनी गॅसची ज्योत धरावी लागते. कॅडमियम असलेला झाळ सहज वाहतो, पण त्याचा धूर विषारी. बंद शेडमध्ये तर नकोच. झाळकामानंतरचा काळपटपणा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात निघतो. चिंचेने तांब्या घासणाऱ्या घराला ही रसायनविद्या शिकवायला नको. नळकांड्यांचे बुश पितळेचे करू नयेत. उकळत्या पाण्यात पितळेतील जस्त झिरपून जाते आणि धातू ठिसूळ होतो. गनमेटल किंवा ब्राँझ घ्यावे.

चाचणी : बॉयलर पाण्याने काठोकाठ भरून हातपंपाने दुप्पट दाबापर्यंत, म्हणजे १४ किलोपर्यंत नेतात आणि काटा खाली येतो का ते पाहतात. पाणीच का, हवा का नको? पाणी जवळजवळ दबत नाही. सांधा सुटला तर एक चिळकांडी उडते आणि दाब संपतो. दाबलेली हवा मात्र स्फोट करते. दारात कॉम्प्रेसर तयार असला, तरी बॉयलरच्या चाचणीला तो जोडणे हा शुद्ध वेडेपणा आहे. नंतर प्रत्यक्ष विस्तवावर चाचणी : जाळ भरपूर ठेवूनही सेफ्टी व्हॉल्व्हने दाब ठरलेल्या मर्यादेच्या दहा टक्क्यांहून वर जाऊ देता कामा नये.

१९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्यातून २००७ च्या दुरुस्तीने २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची भांडी वगळली. त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही ही मर्यादा कायम आहे. दोन इंची यंत्राच्या बॉयलरात तीनेक लिटर पाणी मावते, त्यामुळे निरीक्षकाचा शिक्का लागत नाही. सवलतीचा अर्थ एवढाच, की तपासणीची जबाबदारी बनवणाऱ्यावर आली. पाणीपातळीची काच, पाणी भरण्याचे दोन स्वतंत्र मार्ग आणि फायरबॉक्सच्या माथ्यावर शिशाची डाट (पाणी कमी पडून माथा तापला तर ती वितळून वाफ विस्तवावर सोडते; शिसे ३२७ अंशांना वितळते) यांत तडजोड नसावी.

इंजिन : सिलिंडर, पिस्टन, क्रँकशाफ्ट, वाफ आत-बाहेर सोडणारा सरकता व्हॉल्व्ह आणि त्याला हलवणारे एक्सेंट्रिक. हे काम नाजूक असले तरी बेळगावच्या टर्नरला नवे नाही, म्हणून इथे विस्तार नको. मुळात ९ इंची असलेला सिलिंडर प्रतिकृतीत ३८ मिमीचा होतो आणि ७ किलो दाबाला पिस्टनवर ७९ किलोचा जोर येतो. जोडणी झाली की आधी दोनेक किलोच्या हवेवर इंजिन फिरवून पाहतात. इथे कॉम्प्रेसर योग्य जागी आहे. हवेवर गोड चाललेले इंजिन वाफेवर अडखळते तेव्हा गडबडून जाऊ नये. थंड सिलिंडरमध्ये वाफेचे पाणी होते. तळातील नळ उघडून ते काढले की ठोके सुधारतात.

इंधन आणि पाणी : इंग्लंडमध्ये परंपरेने वेल्समधला दगडी कोळसा वापरत. इथे लोणारी कोळसा सहज मिळतो. तो पटकन पेटतो आणि पटकन संपतो, त्यामुळे सारखा थोडा थोडा घालावा लागतो. फाउंड्रीचा कोक फुकट मिळाला तरी एवढ्याशा फायरबॉक्समध्ये तो पेट धरत नाही. सुरुवातीला चिमणीवर छोटा विजेचा पंखा बसवून ओढ देतात. इंजिन चालू झाले की सिलिंडरमधून सुटलेली वाफ चिमणीत वर फेकली जाते आणि तीच विस्तवाला ओढ देते. आगगाडीचा ‘झुक झुक’ आवाज तो हाच. पाण्यासाठी बेळगावचा पावसाळा वरदान आहे. पागोळ्यांचे, फडक्यातून गाळलेले पाणी साठवले तर बॉयलरमध्ये खर धरत नाही.

चालवणे : वाफ व्हायला अर्धा-पाऊण तास लागतो. सुकाणू साखळीचे असल्याने चाक बरेच फिरवावे तेव्हा पुढचा आस जरासा वळतो. मोटार चालवणारा पहिल्या दिवशी हमखास गटाराकडे जातो. पण ओढण्यापेक्षा या यंत्राचा मूळ धंदा उभे राहून पट्टा फिरवण्याचा. फ्लायव्हीलवरून सपाट पट्टा आठच्या आकड्यासारखा पीळ देऊन घेतला, तर तो पुलीला जास्त वेढा घालतो आणि कमी घसरतो. मळणीयंत्राऐवजी इथे हाताने फिरवायचा उसाचा छोटा चरक जोडता येतो. पट्टा सैल वाटला तर घट्ट करायला काही खोलावे लागत नाही. इंजिन बोटभर मागे घ्यायचे आणि चाकाखाली दगड ठेवायचा.