बॅग फिल्टरची सफाई

कारखान्यातील धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या कापडी पिशव्यांवर (बॅगांवर) साचलेली धूळ ठरावीक वेळाने झाडून हवेचा प्रवाह सुरळीत ठेवण्याची क्रिया. सिमेंट, ओतकाम, पोलाद, औषधे, धान्य आणि खनिजे दळणाऱ्या कारखान्यांत बॅग फिल्टर सर्रास दिसतो. पंखा धुळकट हवा ओढतो, ती बॅगांमधून गाळली जाते, धूळ कापडावर अडते आणि स्वच्छ हवा चिमणीकडे जाते. अडलेली धूळ वेळेवर उतरवली नाही तर हवा जायला वाटच उरत नाही आणि मशीनजवळची धूळ कामगाराच्या नाकातोंडात जाते.

सफाई म्हणजे बॅग लख्ख करणे, हा समज मात्र चुकीचा आहे. नव्या कोऱ्या फेल्टच्या (धागे दाबून केलेल्या जाड कापडाच्या) धाग्यांमधली छिद्रे बारीक कणांच्या मानाने मोठी असतात, त्यामुळे सुरुवातीला बरीच सूक्ष्म धूळ आरपार जाते. कापडावर धुळीचा पातळ थर बसला की तो थरच खरी गाळणी होतो. म्हणून नव्या बॅगांवर यंत्र सुरू करण्यापूर्वी चुनखडीची भुकटी सोडून मुद्दाम असा थर बसवतात. जुना थर जाड झाला की वरचा भाग पाडायचा आणि खालचा राखायचा, एवढेच सफाईचे काम. टेफ्लॉनचा पातळ पापुद्रा चिकटवलेल्या बॅगा याला अपवाद आहेत. त्या पृष्ठभागावरच गाळतात आणि थरावर फारशा विसंबत नाहीत.

सफाईच्या तीन पद्धती रूढ आहेत. सर्वांत जुनी बॅगा यंत्राने हलवण्याची. त्यासाठी त्या कप्प्यातली हवा बंद करावी लागते. दुसरीत उलट दिशेने मंद हवा सोडून बॅगा हलकेच चुरगळू देतात. उंच काचधागी बॅगांना हीच सोसते. तिसरी पल्स-जेट. ती 1950 च्या दशकात अमेरिकेत विकसित झाली आणि आज नव्या यंत्रांत बहुधा तीच असते.

पल्स-जेटमध्ये बॅगा तारेच्या पिंजऱ्यावर चढवून टांगलेल्या असतात. हेडरमध्ये (दाबाखालची हवा साठवणाऱ्या नळकांड्यात) साधारण 4 ते 6 बार दाबाची हवा भरलेली असते. टायमरचा इशारा मिळताच सोलेनॉइड (विजेवर चालणारी छोटी झडप) उघडतो, डायफ्राम व्हॉल्व्ह (रबरी पडद्याची झडप) सेकंदाच्या दहाव्या भागापुरता उचलला जातो आणि ओळीवरच्या नळीच्या भोकांतून प्रत्येक बॅगेच्या तोंडात वरून हवेचा झोत घुसतो. बॅग फुगते, पिंजऱ्यापासून सुटते, कापड ताणून झटक्यात थांबते आणि थर निसटतो. एका वेळी एकच ओळ झाडली जाते, बाकीच्या ओळी काम करत राहतात, म्हणून यंत्र थांबवावे लागत नाही. पण त्यातच एक गोम आहे. हवा खालून वर वाहत असताना सुटलेली बारीक धूळ होपरमध्ये (बॅगांखालच्या, धूळ गोळा होणाऱ्या नरसाळ्यात) न पडता शेजारच्या बॅगांवर जाऊन बसते. त्यामुळे हलक्या धुळीसाठी एकेक कप्पा बंद करून झाडणे जास्त फलदायी ठरते.

सफाई कधी करायची हे बॅगांच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक सांगतो. कारखान्यात त्याला नुसते 'डीपी' म्हणतात. सामान्यतः तो पाण्याच्या स्तंभाच्या 100 ते 150 मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. वरची मर्यादा गाठली की झाडणे सुरू, खालची गाठली की बंद, ही पद्धत ठरावीक सेकंदांच्या टायमरपेक्षा कधीही चांगली. प्रत्यक्षात डीपी चढला की ऑपरेटर हवेचा दाब वाढवतो आणि दोन झोतांमधले अंतर कमी करतो. त्याने थर पार निघून जातो, कण कापडाच्या आत रुततात, कापड पिंजऱ्यावर घासून झिजते आणि दर झोताला चिमणीतून धुळीचा फुसकारा दिसू लागतो. डीपी अचानक उतरला तर आनंद मानण्याचे कारण नाही. बहुधा बॅग फाटलेली असते.

झोत न बसणारी ओळ कानाने ओळखता येते. धडधाकट व्हॉल्व्ह तुटक 'धप्प' असा वाजतो. रबराचा पडदा फाटलेला असेल तर लांबट 'फुस्स' ऐकू येते आणि हेडरचा दाब लवकर परत चढत नाही. फाटकी बॅग शोधण्यासाठी चमकणारी भुकटी हवेत सोडतात आणि यंत्र बंद करून स्वच्छ बाजूला अतिनील दिवा फिरवतात. भुकटी जिथे उजळते तिथे गळती. नळीचे भोक बॅगेच्या मध्यापासून सरकलेले असेल तर झोत कापडाच्या वरच्या टोकावरच आपटतो आणि तिथेच ते फाटते.

ओलावा हा मोठा शत्रू. कॉम्प्रेसरच्या हवेतले पाणी हेडरमधून काढले नाही तर प्रत्येक झोताबरोबर ते बॅगेत जाते आणि धुळीचा चिखल होतो. कोकणात, कोल्हापुरात पावसाळ्यात हे हटकून घडते. गरम वायूचे यंत्र बंद करताना दमट वायू आत राहिला तर तो थंड होऊन दव धरतो. म्हणून आधी स्वच्छ हवा फिरवतात, मग पंखा थांबवून झाडण्याच्या काही फेऱ्या देतात आणि होपर रिकामे करतात. पॉलिएस्टर सुमारे 130 अंश सेल्सिअसपर्यंत टिकते, पण उष्णता आणि वाफ एकत्र आली तर त्याआधीच कुजते.

होपर ही साठवणीची जागा नव्हे. धूळ तिथे साचली की कमान धरते, वर चढते आणि बॅगांपर्यंत पोहोचते. होपरच्या पत्र्यावर हातोड्याचे पोचे दिसले की तिथली धूळ अडकते हे समजावे. खालचा रोटरी एअरलॉक (हवा आत न घेता धूळ बाहेर सोडणारे फिरते दार) गळका असेल तर बाहेरची हवा वर ओढली जाऊन पडणारी धूळच रोखते.

ज्वलनशील धुळीत हयगय जीवघेणी ठरते. 2 ऑगस्ट 2014 रोजी चीनमधील कुनशान येथे मोटारीच्या चाकांना पॉलिश करणाऱ्या कारखान्यात ॲल्युमिनियमच्या धुळीचा स्फोट झाला. मृतांची संख्या अखेर 146 झाली. धूळ काढण्याची यंत्रणा नियमाप्रमाणे साफ केली जात नव्हती. धूळसंकलकाच्या गंजलेल्या पिंपातून ओल शिरली, ओली ॲल्युमिनियम भुकटी तापली आणि वरच्या धुळीने पेट घेतला. कोल्हापूरच्या फाउंड्यांमध्ये भीती वाळूतल्या सिलिकाची. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसांचा रोग 1948 च्या कारखाना कायद्याने अधिसूचित (सरकारला कळवावयाच्या) रोगांत धरला होता. बॅगा बदलणाऱ्याला ही धूळ सर्वांत जवळून भेटते, त्यामुळे साधा रुमाल बांधून हे काम करू नये.

एखादी बॅग फाटली तर तेवढीच नवी बसवण्याचा मोह होतो. पण जुन्या, रुळलेल्या बॅगांमध्ये नव्या बॅगेचा विरोध कमी असल्याने जास्त हवा तिच्यातूनच धावते आणि ती लवकर खराब होते. मोजक्याच बॅगा फाटल्या असतील तर त्यांची तोंडे झाकणाने बंद करून पुढे पूर्ण संच एकदमच बदलणे बहुधा परवडते.