बावन्नचा ब्रिज, छप्पनचा ब्रिज

स्ट्रॅटच्या, म्हणजे फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारच्या, धर्तीची गिटार घरी जुळवायला घेतली, की ट्रेमोलो ब्रिजपाशी बरेच जण फसतात. तारा खालच्या टोकाला ज्यावर टेकतात आणि दांडी दाबून ज्याने स्वर हलवता येतो, तो हा भाग. मीही फसलो. बाजारात दोन ब्रिज मिळतात ते सख्खे भाऊ वाटावेत असे: दोन्हींना पुढच्या कडेला सहा स्क्रू, वर तारा टेकायला सहा सॅडल, खाली बॉडीच्या पोकळीत जाणारा धातूचा ब्लॉक, मागे स्प्रिंगा. फोटो शेजारी शेजारी ठेवले तरी ओळखू येत नाहीत. फरक आहे तो स्क्रूंच्या अंतरात. पहिल्या स्क्रूच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत एकात ५६.४ मिमी, दुसऱ्यात ५२.५.

छप्पनचं माप जुनं, अमेरिकन. १९५४ साली फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हापासूनचं. बावन्नचं माप आशियात बनणाऱ्या स्वस्त गिटारींवर आणि मेक्सिकोत बनलेल्या बऱ्याच फेंडरवर दिसतं. त्यात दर दोन स्क्रूंमध्ये साडेदहा मिमी. आपल्याकडे बेळगावात, निपाणीत किंवा खानापुरात हातात येणाऱ्या जुन्या बॉडी बहुतेक स्वस्त गिटारींच्याच असतात, म्हणून मी आधी बावन्नचाच संशय घेतो. पण संशयावर माल मागवायचा नसतो.

मी मागवला होता. टिळकवाडीतल्या एका कॉलेजच्या पोराकडून नुसती बॉडी घेतली आणि ‘व्हिंटेज, सहा स्क्रू’ एवढंच वाचून ब्रिजची ऑर्डर दिली. पार्सल आलं, ब्रिज जागेवर ठेवला. मधले दोन स्क्रू अलगद गेले, म्हटलं बसला! त्यांच्या शेजारचे दोन कुरकुरत गेले. कडेचे दोन मात्र काही केल्या जाईनात. हिशेब साधा आहे, पण मला तो नंतर सुचला. जवळपास चार मिमीचा फरक मध्यापासून दोन्ही बाजूंना वाटला जातो. मधल्या स्क्रूंच्या वाट्याला अर्ध्या मिमीहूनही कमी येतो, त्यांच्या शेजारच्यांच्या वाट्याला सव्वा मिमीच्या आसपास आणि कडेच्यांच्या वाट्याला जवळजवळ दोन. म्हणजे चुकीचा ब्रिज मधोमध बरोबर बसल्याचं नाटक करतो.

मी जोर लावला. गेले, पण तिरके गेले. प्लेट आता स्क्रूंच्या मानेवर घासू लागली. आर्म, म्हणजे ब्रिजची दांडी, दाबून सोडला की तारा पुन्हा सुरात येईनात, दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबायच्या. मी स्प्रिंगा बदलल्या, तारा बदलल्या, नटमध्ये, म्हणजे गिटारच्या मानेच्या टोकाशी असलेल्या खाचांच्या पट्टीत, पेन्सिलीची पूड घातली. आठवडा गेला.

शेवटी बॉडी घेऊन उद्यमबागेत ओळखीच्या टर्नरकडे गेलो. दिवसभर लेथवर शतांश मिमीत बोलणारा माणूस. गिटारशी त्याचा काही संबंध नाही. त्याने व्हर्नियर लावला, बॉडी मोजली, ब्रिज मोजला आणि म्हणाला, “मागवायच्या आधी मोजलासा काय ओ?” मी गप्प.

त्याच्याकडून एक युक्ती शिकलो. भोकाचा मध्य डोळ्यांनी धरता येत नाही, म्हणून पहिल्या भोकाच्या डाव्या कडेपासून सहाव्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजायचं. तेच मध्य ते मध्य अंतर. व्हर्नियर नसला तरी अडत नाही. चार मिमीचा फरक कंपास पेटीतल्या पट्टीवरही कळतो.

इथेच दुसरा घोळ होतो. ब्रिजच्या वर्णनात कधी स्क्रूंचं अंतर लिहितात, तर कधी तारांचं, आणि कुठलं ते सांगत नाहीत. ही दोन मापं सारखी असतीलच असं नाही. सहा स्क्रूंऐवजी दोन जाड खुंट्यांवर टेकणाऱ्या आधुनिक अमेरिकन ब्रिजमध्ये खुंट्या ५६.४ वर आणि तारा साडेबावन्नच्या आसपास असतात. भोकांसाठी स्क्रूंचं माप बघायचं. तारांचं माप बघायचं ते कडेच्या तारा फ्रेटच्या (मानेवरच्या आडव्या पट्ट्यांच्या) काठावरून घसरू नयेत आणि आवाज टिपणाऱ्या पिकअपच्या चुंबकांवरून जाव्यात म्हणून. दोन खुंट्यांचा ब्रिज सहा स्क्रूंच्या बॉडीवर बसवायचा तर नवी मोठी भोकं पाडावी लागतात. फ्लॉइड रोज या तारा जखडून धरणाऱ्या ब्रिजच्या खुंट्या तर ७४ मिमीवर असतात, त्या वाटेला पहिल्या प्रोजेक्टमध्ये जाऊच नये.

मापं जुळली तरी ब्लॉकची उंची राहते. पूर्ण जाडीची बॉडी सुमारे ४५ मिमी असते आणि तिच्यात ४० ते ४२ मिमीचा ब्लॉक मावतो. स्वस्त बॉडी पातळ असते. त्यात तोच ब्लॉक मागच्या झाकणाबाहेर डोकावतो आणि पोटाला टोचतो. तिथे ३६ मिमीच्या आसपासचा घ्यावा.

माझी भोकं आता वाकडी झाली होती. ती मोठी करून सागवानी खुंट्या गोंद लावून ठोकल्या आणि नव्याने भोकं पाडली. जुलै होता. आपल्याकडच्या पावसात गोंद लवकर धरत नाही, म्हणून दोन दिवस जास्तच थांबलो. बावन्नचा ब्रिज आला, सहाही स्क्रू बोटाने फिरवत गेले. मधले चार किंचित सैल ठेवले आणि प्लेट कडेच्या दोघांवर डोलू दिली. मागची कड बॉडीपासून सुमारे तीन मिमी वर. आता सूर ठरल्या जागी परत येतो.

या दांडीला ट्रेमोलो म्हणणंही तसं चूकच. ट्रेमोलोत आवाज लहानमोठा होतो. इथे हलतो तो स्वर, आपल्या भाषेत आंदोलन. ती गल्लत फेंडरनेच करून ठेवली आणि आता ती सुधारायला कोणी जात नाही.

आर्म मात्र ब्रिजबरोबर आलेलाच वापरा. काही ब्रिजना एम६ (६ मिमी जाडीचे) आटे असतात, काहींना एम५, अमेरिकन माल इंचाच्या आट्यांचा. इंचाच्या मापातला १०-३२ हा आटा आणि एम५ इतके जवळ आहेत, की एक दुसऱ्यात दोन-तीन फेरे जातो आणि मग अडकतो. अडकला की तिथेच थांबा आणि उलटा फिरवून काढा. बरोबर आर्म जरा डुगडुगत असेल, तर प्लंबरची पांढरी टेप दीड फेरा गुंडाळा. माझ्या आर्मला तीच आहे.