सुरुवातीलाच पुढे निघणारा घोडा: वेग खरा, पण भाव?

१००० किंवा १२०० मीटरच्या शर्यतीत पहिल्या ४०० मीटरनंतर जो घोडा पुढे असतो, तो जिंकण्याची शक्यता त्याच शर्यतीतल्या सरासरी घोड्यापेक्षा बरीच जास्त असते. जगभरच्या रेसकोर्सच्या नोंदींत हे पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि ठाण्याहून दादरला गाडी बदलून महालक्ष्मीचं रेसकोर्स गाठणाऱ्या जुन्या पंटरांनाही (शर्यतीवर पैसे लावणाऱ्यांनाही) ते अनुभवाने ठाऊक असतं. मात्र ‘पुढे असलेला घोडा जिंकतो’ हे शर्यत संपल्यावर कळलेलं सत्य आहे. पैसे लावायचे असतात गेट उघडण्याआधी. जुन्या नोंदींचा सगळा उपयोग या फटीत आहे, आणि बहुतेक चुकाही तिथेच होतात.

आधी घोड्याच्या शरीराकडे बघू. जोरात धावायला लागताच घोड्याची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. रक्तातलं त्यांचं प्रमाण विश्रांतीच्या सुमारे ४० टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या पुढे जातं. त्यामुळे स्नायूंना मिळणारा प्राणवायू झपाट्याने वाढतो. फ्रान्समधले गणिती अमांडिन आफ्तालियों आणि क्वांतें मेर्सिए यांनी शर्यतींतल्या घोड्यांच्या ट्रॅकरच्या नोंदींवरून २०२० मध्ये एक गणिती प्रारूप मांडलं. त्यातून असं निघालं, की जोरदार सुरुवात फायद्याची ठरते, कारण प्राणवायूचा वापर लवकर कमाल पातळीला पोहोचतो. मर्यादा एकच: शेवटी दम उरला पाहिजे.

दुसरा फायदा निव्वळ भूमितीचा. अर्ध्या वर्तुळाच्या वळणावर आतल्या रेलपासून (कुंपणापासून) जितके मीटर बाहेरून धावाल, त्याच्या ३.१४ पट जास्त अंतर कापावं लागतं. रेल धरून पळणाऱ्या घोड्याच्या तुलनेत ३ मीटर बाहेर राहिलेल्याला जवळजवळ साडेनऊ मीटर जास्त पळावं लागतं. घोड्याची एक लांबी सुमारे २.४ मीटर धरली, तर ही चार लांबी झाली. पुढे निघालेला घोडा रेलजवळची वाट आपली करतो आणि गर्दीत अडकतही नाही.

याची उलट बाजूही आहे. पहाटे घोडबंदर रोडवर सायकलस्वार एकामागे एक चिकटून का जातात, ते त्यांना विचारा. वारा पहिल्याच्या छातीवर येतो. घोड्यांचंही तसंच. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवलं, की दुसऱ्याच्या आडोशाने धावणाऱ्या घोड्याला हवेचा अडथळा दोन-तृतीयांशापर्यंत कमी लागू शकतो. म्हणून एकटाच पुढे निघालेला, कुणी डिवचत नसलेला घोडा आणि दोघा-तिघांशी झुंजत पुढे राहिलेला घोडा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोंद करताना हा फरक हरवला, तर बाकीचं गणित कितीही नेटकं केलं तरी उपयोग नाही.

आता नोंदवही. निकालपत्रकातून शर्यतीची वेळ, घोड्यांमधली अंतरं, पाठीवरचं वजन आणि ड्रॉ (गेटमधली जागा) मिळतो. पहिल्या ४०० मीटरला कोण कुठे होता, हे बहुधा चित्रफीत पाहून स्वतः टिपावं लागतं. प्रत्येक घोड्यासाठी एक ओळ करा: तारीख, अंतर, वर्ग (शर्यतीचा दर्जा), किती घोडे होते, ड्रॉ, ट्रॅकचं पेनिट्रोमीटर रीडिंग (जमीन किती मऊ-कडक याचं माप), फॉल्स रेल (आतल्या बाजूला लावलेलं तात्पुरतं कुंपण) होती का, ४०० मीटरला सगळ्यात पुढच्या घोड्यापासून किती लांबी मागे, शेवटचा क्रमांक, आणि सुटतानाचा भाव (शर्यत सुरू होताना बुकी देत असलेला दर). केवळ क्रमांक लिहू नका. पाच घोड्यांत तिसरा आणि चौदा घोड्यांत तिसरा यांत फार अंतर आहे. लांबी जास्त खरं सांगते. चित्रफीत सेकंदाला २५ चौकटींची असेल तर एका चौकटीची चूक ०.०४ सेकंद, म्हणजे ताशी ६० किलोमीटरच्या वेगाने सुमारे दोन-तृतीयांश मीटर. ती चालेल. खरी फसगत कॅमेऱ्याच्या तिरकसपणाने होते: बाहेरच्या बाजूचा घोडा पुढे किंवा मागे भासतो. म्हणून मोजणी कायम अंतर दाखवणाऱ्या खांबासमोरच करा.

गुण देण्याची साधी रीत अशी. घोड्याच्या शेवटच्या तीन छोट्या शर्यती घ्या. ४०० मीटरला तो पहिला किंवा एका लांबीच्या आत असेल तर २ गुण, तीन लांबीच्या आत असेल तर १, नाहीतर ०. कमाल ६. मग आजच्या शर्यतीत ४ किंवा जास्त गुणांचे किती घोडे आहेत ते मोजा. एकच असेल तर त्याला मोकळी आघाडी मिळण्याची आशा. तीन असतील तर ते एकमेकांना दमवतील, आणि मागून येणाऱ्याकडे बघावं. खालच्या वर्गात आघाडी घेणारा वरच्या वर्गात गेला की तिथल्या पहिल्या ४०० मीटरचा वेग त्याला झेपत नाही, हे गुणांत दिसत नाही. ते वेळेवरूनच कळतं. जॉकी बदलला, आधी गेटमधून उशिरा सुटलेला होता, ट्रेनरने मागे ठेवून पळवायचं ठरवलं, या सगळ्यांनी गुण खोटे पडतात.

पद्धत तपासताना हंगाम क्रमाने वापरा: आधीच्या दोन हंगामांवर नियम बसवा, तिसऱ्यावर पारखा. सगळ्या शर्यती सरमिसळ करून अर्ध्या बाजूला काढल्या, तर पुढच्या तारखेची माहिती मागच्या अंदाजात शिरते आणि नियम उगाच हुशार दिसतो.

यानंतर भाव. ३ ला १ (१ रुपया लावून जिंकलात तर ३ रुपये नफा) म्हणजे २५ टक्के शक्यता, हे वरवरचं झालं. समजा, सहा घोड्यांचे भाव ६/४, २/१, ४/१, ६/१, १०/१ आणि १५/१ आहेत. त्यांच्या शक्यता ४०, ३३.३, २०, १४.३, ९.१ आणि ६.३, बेरीज १२३. वरचे २३ बुकीचे. म्हणजे ४/१ च्या घोड्याला बाजार प्रत्यक्षात २० नव्हे, सुमारे १६ टक्केच देतो. तुमच्या निवडलेल्या घोड्यांच्या अशा खऱ्या शक्यतांची बेरीज करा आणि प्रत्यक्ष विजयांशी ताडून पाहा. समजा, ८० घोड्यांकडून १७.६ विजय अपेक्षित होते आणि २२ मिळाले. छान वाटतं, पण नुसत्या योगायोगाने होणारी चढउतारच ३.७ च्या आसपास आहे, ४.४ च्या फरकावर विश्वास ठेवता येत नाही. निदान चारशे घोडे हातात हवेत.

आणि कर. २२ सप्टेंबर २०२५ पासून घोड्यांच्या शर्यतींवरच्या पैजेवर (बेटवर) ४० टक्के जीएसटी आहे, तोही पूर्ण रकमेवर. १०० रुपयांच्या बेटला १४० मोजले आणि भाव ४/१ असेल, तर जिंकल्यावर हातात येतात ५००. नुसतं बरोबरीत राहायला २८ टक्के विजय लागतात, जिथे बाजार त्या घोड्याला १६ टक्के देतो. त्यावर जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर, आणि हरलेले पैसे त्यातून वजा करता येत नाहीत. परवाना नसलेल्या बुकीकडे कर वाचतो, पण ते बेकायदेशीर आहे. पहिल्या ४०० मीटरचा वेग इतकी मोठी दरी एकट्याने भरून काढेल, असं आमच्या माहितीतल्या कुठल्याही गणितातून दिसत नाही. म्हणून ही नोंदवही कागदावरच चालवावी: शर्यतीच्या आदल्या रात्री गुण लिहून तारीख टाकावी, निकालानंतर त्यात खाडाखोड करू नये, आणि सुटतानाचा भाव त्याच संध्याकाळी भरावा, कारण नंतर आठवणीतून लिहिलेला भाव नेहमी आपल्या बाजूने झुकलेला असतो.