संग्रहणी

दीर्घकाळ रेंगाळणारा आतड्यांचा विकार. शौच कधी बांधून, कधी पातळ होते, मुरडा येतो, आव पडते. बोलण्यात ग्रहणी व संग्रहणी एकच. ग्रंथांत तसे नाही. चरकसंहितेत ग्रहणी हे मुळात अवयवाचे नाव आहे : अन्नाचे ग्रहण करते ती ग्रहणी, जठराग्नीचे (पचनशक्तीचे) अधिष्ठान. सुश्रुतसंहितेत तीच पित्तधरा कला (पित्त धारण करणारे आवरण) असून आमाशय (जठर) व पक्वाशय (मोठे आतडे) यांच्या मध्ये आहे. काही अभ्यासक ती लहान आतड्याचा केवळ आरंभीचा भाग मानतात, काही संपूर्ण लहान आतडे. पचनकार्याचे वर्णन पाहता दुसरे मत अधिक जुळते. संग्रहग्रहणी, म्हणजेच संग्रहणी, हा ग्रहणीरोगाचा प्रकार माधवनिदान या रोगनिदानाच्या ग्रंथाच्या (सु. ७ वे–८ वे शतक) प्रचलित पाठात आढळतो. तेथे दिवसा जोर व रात्री शमन असे लक्षण दिले आहे.

हे लक्षण आजच्या आयबीएसशी (क्षोभी आतडे) जुळते, कारण त्यात झोपेतून उठवणारे जुलाब सहसा नसतात. तरीही दोन्ही एकच मानणे धोक्याचे आहे. आतड्याचा क्षय, अमीबाजन्य आव, सीलिअ‍ॅक रोग (गव्हातील ग्लूटेन न सोसल्याने होणारा) यांनाही घरोघरी संग्रहणीच म्हटले गेले.

सातारा-सांगलीकडे कोठा बिघडला की सुंठ घातलेले ताजे ताक देतात. ग्रहणीत ताकाची शिफारस चरकसंहितेतही आहे. सह्याद्रीच्या रानातील कुड्याची साल आवेवर वापरतात. पीळ घातलेल्या दोरीसारखी दिसणारी मुरडशेंग बाळाच्या गुटीसाठी सहाणेवर उगाळतात.

मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांचे मिशन रुग्णालय मिरजेत १८९४ मध्ये सुरू झाले. पुढे मिरज या भागाचे उपचारकेंद्र बनली.

शौचातून रक्त पडणे मूळव्याधीचेच असेल असे धरून वर्षे घालवणारे रुग्ण फार, आणि हे खरोखर टाळता येण्याजोगे आहे. रक्त, डांबरासारखे काळे शौच (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, म्हणून गोळ्या दाखवाव्यात), कारणाशिवाय घटणारे वजन, ताप, पंडुरोग (रक्तक्षय), रात्री उठवणारे जुलाब, किंवा पंचेचाळिशीनंतर प्रथमच बदललेली शौचाची सवय, यांपैकी एकही असल्यास तपासणी करून घ्यावी. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग झालेला असल्यास तेही सांगावे. पोट फुगून वारा व शौच दोन्ही अडले आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी एरंडेल देऊ नये, लगेच रुग्णालय गाठावे.