कालवाचं अर्धं घर खडपातच राहतं

आमच्याकडे हर्णैला अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीला पाणी पार लांब जातं, तेव्हा काकी जुनी कोयती आणि स्टीलचा डबा घेऊन खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत, उतरते आणि उकिडवी बसून कालवं, म्हणजे ऑयस्टर, फोडायला लागते. कोयतीच्या टोकाने एक ठोका, वरचं झाकण उडतं, आतला लिबलिबीत गोळा खरवडून डब्यात, की लगेच पुढचं. तास-दीड तासात डबा जेमतेम अर्धा होतो आणि रात्री त्याचं सुकं केलं की ते पाच मिनिटांत संपतं, तो भाग सोडा. मला लहानपणापासून प्रश्न पडायचा तो खालच्या शिंपल्याचा. ते ती कधीच काढत नाही. सगळ्या खडपावर नुसत्या पांढऱ्या वाट्या चिकटून राहिलेल्या असतात, वर्षानुवर्षं, आणि अनवाणी गेलात तर त्याच पाय फाडतात. एकदा विचारलं तर म्हणाली, "दगड निघेल रे, ते नाही निघायचं."

बरोबरच आहे तिचं, कारण कालव दगडाला चिकटतं म्हणजे शब्दशः सिमेंट करतं. शिनाण्यांसारखं (इंग्रजीत मसल) नाही. शिनाण्यांना दोऱ्यांची जटा असते, त्या दोऱ्यांनी ते दगड धरून ठेवतात आणि वेळ पडली तर दोरे सोडून थोडं सरकूही शकतात. तिसऱ्या आणि मुळे तर वाळूत-चिखलात मोकळेच. कालवाचं मात्र एकदा चिकटलं की चिकटलं, जन्मभर तीच जागा आणि तीच कूस. कूस मुद्दाम म्हणतोय, कारण कालव कायम डाव्या कुशीवर झोपतं. दोन शिंपल्यांपैकी डावं खाली दगडाला आणि उजवं वर झाकणासारखं. म्हणजे काकीच्या कोयतीने उडतात ती सगळी उजवी, आणि आपल्या पायाला लागतात ती सगळी डावी!

हे ठरतं फार लहानपणी. मादी पाण्यात लाखोंनी अंडी सोडते, त्यातून निघालेलं पिल्लू साधारण दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगत असतं आणि शेवटी शेवटी त्याला एक पाय फुटतो आणि डोळ्यासारखा एक काळा ठिपकाही येतो. आकार म्हणाल तर मिलिमीटरचा एक तृतीयांश, म्हणजे रव्याच्या कणापेक्षाही बारीक. या वयात ते घर शोधतं. खाली उतरतं, पायाने दगड चाचपडत थोडं रांगतं, नाही पटलं तर परत पोहत निघून जातं, दुसरीकडे बघतं. फ्लॅट बघायला निघालेल्या माणसासारखंच म्हणा ना, फक्त याला विकून दुसरा घ्यायची सोय नाही. जागा पटली की पायातल्या ग्रंथीतून चिकाचा एक थेंब सोडतं, त्यात डावं शिंपलं टेकवतं, आणि काही मिनिटांत तो थेंब घट्ट होतो. मग पुढच्या काही दिवसांत पाय गायब, डोळा गायब, पोहायचं अंगही गायब. कुठे जायचंच नाही तर ठेवून करायचंय काय.

आता पाण्याखाली काही चिकटवणं किती अवघड असतं ते ज्याने गळकी टाकी एम-सीलने बुजवायचा प्रयत्न केलाय त्याला विचारा. ओल्या पृष्ठभागावर पाण्याचा थर असतो आणि तोच गोंदाला आड येतो. कालव हे कसं जमवतं ते अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात जोनाथन विल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासलं, २०१० साली. त्यांना दिसलं ते असं की या सिमेंटचा जवळजवळ नव्वद टक्के भाग कॅल्शियम कार्बोनेट आहे, म्हणजे ज्याचं शिंपलं बनतं तोच पदार्थ, आणि उरलेल्यात प्रथिनं वगैरे सेंद्रिय माल. फक्त हा सेंद्रिय माल शिंपल्यात असतो त्याच्या कितीतरी पट जास्त. शिनाण्यांची जटा बहुतेक प्रथिनांचीच, त्यामुळे ती लवचिक असते, आणि कालवाचं प्रकरण मात्र गिलाव्यासारखं कडक. आपल्या कोकणात शिंपल्या भाजून चुना करायचे आणि त्यात बांधकामं व्हायची, कालव तेच काम भट्टीशिवाय करतंय. सिंधुदुर्गाच्या पायात शिसं ओतलं असं सांगतात, याला तेही लागलं नाही.

पहिला थेंब झाला की पुढचं काम शरीराभोवतीचं पातळ कातडं करतं. त्याची कड दगडावर पसरत जाते आणि शिंपलं दगडाच्या प्रत्येक खाचेत भरत भरत वाढतं. म्हणून कोणतीही दोन कालवं सारखी नसतात. माझ्याकडे एक आहे, जेट्टीजवळ नायलॉनच्या जुन्या दोरावर धरलेलं. दोर निघून गेलाय पण खालच्या शिंपल्यावर पिळाचे तिरके वळ जसेच्या तसे आहेत, ते ठीक, साच्यात ओतल्यासारखं झालं. गंमत अशी की वरच्या शिंपल्यावरही तेच वळ आहेत, जरा पुसट. वरचं तर दोराला कधी शिवलंच नाही! पण झाकण डब्याला बसायला हवं ना. खालच्याची कड दोरामुळे वरखाली झाली की वरच्याची कडही तशीच वाढवावी लागते, आणि कड पुढे सरकत गेली की मागे सगळा नक्षा उमटून राहतो.

पण इतकं बांधून घ्यायची गरज काय? १९९१ मध्ये एलिझाबेथ हार्पर या शास्त्रज्ञ बाईंनी यावर एक मस्त प्रयोग मांडला. त्यांनी शिनाण्यांसारखीच जटावाली शिंपली घेतली, काही तशीच ठेवली आणि काही चक्क गोंदाने चिकटवून टाकली, आणि खेकडे आणि तारामासे यांना निवड करू दिली. मंडळींनी मोकळी शिंपली जास्त उचलली. खेकड्याला शिकार उलटीसुलटी करून कमजोर कड शोधावी लागते, खाली सिमेंट केलेलं असेल तर ते जमत नाही. अर्थात तोड सगळ्यावर असते. खडपात एखाद्या कालवाच्या झाकणावर पिनेने पाडल्यासारखं गोल भोक दिसलं तर समजायचं की शिकारी गोगलगाय येऊन गेली, ती शिंपलं उचलत नाही, वर बसून तासन् तास भोक पाडते.

ही युक्ती एकट्या कालवाची नाही. शिंपल्यांच्या खानदानात ती वेगवेगळ्या घरांत स्वतंत्रपणे निघालीये. उष्ण समुद्रात चामा नावाचे शिंपले असतात, इंग्रजीत त्यांना ज्वेल बॉक्स म्हणतात, दागिन्यांची डबी. अंगावर पापुद्र्यांसारखे काटे, आणि त्यावर शेवाळ-स्पंज इतके वाढतात की दगडात डबी दिसतच नाही. नात्याने हे कालवापेक्षा तिसऱ्या आणि खुब्यांच्या जवळचे, पण चिकटतात मात्र कालवासारखे. शिवाय त्यांच्यात काही डाव्या कुशीवर तर काही उजव्या! काटेरी स्पॉन्डिलस म्हणून आणखी एक घराणं आहे, ते उजव्या कुशीवर झोपतं.

आणि सगळ्यात दांडगे रुडिस्ट, डायनोसॉरच्या काळातले. खालचं शिंपलं शिंगासारखं, काही तर मीटरभर. आपल्या लडाखच्या चुनखडकातही त्यांचे जीवाश्म आहेत. ओमानमधल्या अशाच एका सात कोटी वर्षांपूर्वीच्या रुडिस्टच्या शिंपल्यातले वाढीचे थर २०२० मध्ये मोजले, रोजचा एक थर, तर वर्षाला ३७२ दिवस निघाले, म्हणजे तेव्हा दिवस साडेतेवीस तासांचा होता. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी रुडिस्ट डायनोसॉरबरोबरच संपले. आता त्याच सुमाराला इकडे ज्वालामुखीचा लाव्हा थरावर थर पसरत होता, ज्याचा पुढे सह्याद्री झाला आणि हर्णैचा काळा कातळ झाला. काकी ज्यावर बसते तो. एक चिकटू घराणं बुडत असताना दुसऱ्याचा पाट मांडला जात होता म्हणा.

त्या पांढऱ्या वाट्यांचं सांगायचं राहिलं. मला त्या नुसता कचरा वाटायच्या. पण घर शोधणारं पिल्लू ज्या खुणा बघतं त्यातली मोठी खूण म्हणजे आपल्याच जातीची शिंपलं, त्यातून पाण्यात उतरणारी रसायनं त्याला कळतात. जिथे आधीचे जगले तिथे आपलंही भागेल, असा हिशोब. म्हणून कालवांची शेती करणारे रिकामी शिंपलं माळेत ओवून पाण्यात सोडतात. मागच्या ओहोटीला काकीला हे सांगायला गेलो तर तिने एक जुनी वाटी बोटाने पुसली आणि दाखवली, आत चण्याच्या डाळीएवढी तीन बाळं धरलेली. "हे तुला आत्ता कळलं होय?" म्हणाली आणि त्या वाटीला वळसा घालून पुढच्या कालवावर कोयती ठेवली.